चौथ्या पानावरची तुळई

चुडावा, टेशनाजवळील जिनिंग
१८ बहमन १३४५ फसली

गंगाभागीरथी म्हाळसाबाई आत्या यांचे चरणी बालक बन्सीधर याचा कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून तिकडील क्षेम लिहीत जावे. आईबाप गेल्यावर आपण मला लहानाचा मोठा केलात, हाती पाटी दिलीत, त्या पाटीचे आज चीज झाले. हंगाम जोरात आहे. कापसाच्या गाड्यांची रांग टेशनापर्यंत लागते. या सर्व कारभाराची इत्तिला दर आठवड्यास हैदराबादेस आबासाहेब शेठना कळवणे हे काम मजकडे आहे. कारखाना त्यांचा, परंतु ते इकडे वर्षातून एकदाच येतात. तेव्हा माझे पत्र हेच त्यांचे डोळे, असे म्हणावयास हरकत नाही. संक्रांतीनंतर मला नोकरीत कायम करतील, असे सटवाजी मुकादमाच्या बोलण्यात आले.

आपणांस आनंद व्हावा म्हणून मागील आठवड्याच्या पत्राची नक्कल सोबत धाडली आहे. अक्षर व मायना पाहावा. शेठ मात्र अद्याप कशाचेच उत्तर देत नाहीत. थोर माणसांस सवड नसते. बहुत काय लिहिणे, लोभ असावा.

आपला बालक
बन्सीधर

*

वालूर
मार्गशीर्षाची अवस

चिरंजीव बन्सीला म्हाळसा आत्याचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं, आन शेठला लिव्हलेलं चार पानाचं बाड बी आलं. शेजारची भिवराबाई शेळ्या बांधून येऊन बसली व्हती. मनलं, आमच्या पोराचं अक्षर आईक. पहिलं पान सरलं तवा तू शेठच्या पायावर डोकं टेकवूनच व्हतास. दुसऱ्या पानावर उठलास आन थंडी कशी पडायलीय ते सांगत बसलास. तिसरं पान सगळं टेशनमास्तरच्या घरच्या बारशाचं. तिथं भिवराबाईला डुलकी लागली. चौथ्या पानावर कंदिलाचं तेल महागलं, कचेरीतली मांजर व्याली, आन त्या मांजरीच्या बुडाला चिकटून एक ओळ, "माळ्याखालील तुळई वाळवीने पोखरून मध्यभागी तडकली आहे, तरी सवडीने विचार व्हावा." त्याच्या खाली लोभ असावा.

ती ओळ मी पुन्यांदा वाचली. तशी भिवराबाई जागी झाली. कोनता माळा, मनून इचारायली. मी मनलं, सरकी काढायच्या चरक्यायच्या वर असतोय, कापूस भरून ठेवत्यात त्यो.

ती मनली, "त्याच्याच खाली माजी कडू बसती की."

तुला ठावं हाय, तिची कडूबाई चुडाव्याला दिलेली हाय. नवरा मेंढरं घिऊन रानात, आन ही तुमच्या चरक्यावर कापूस सारती. भिवराबाई तशीच उठून गेली. सुपारी बी घेतली न्हाई.

तर बन्सी, तुळई आन मांजर एका पंगतीत बसवनारा कारकून मी तरी पहिल्यांदाच बगितला. पंगतीत बी मांजर वर आन तुळई खाली. मांजर व्याली ही चांगलीच गोष्ट हाय, पर शेठनं तिचं काय करावं? बाळंतविडा धाडावा? आन उत्तर येत न्हाई मनून थोर मानसाला सवड नसती मनतोस. अरे, मला ना नवरा ना लेकरू, दिसभर रिकामी बाई मी, मला बी येवढं वाचाय सवड न्हाई. तुजं अक्षर मोत्यावानी हाय, कबूल. पर मोती सांडल्यावर वेचीत बसाय लागत्यात, तसं वाचाय लागतंय तुला.

शेठला जे करायचं हाय ते वर लिव्ह. बाकीचं नाई लिव्हलंस तरी कारखाना चालतोय. मांजरीला कचेरीत ऱ्हाऊ दे, आन तुळई तेवढी उचलून पहिल्या ओळीत आन.

तुजी आत्या

*

चुडावा
२७ बहमन १३४५ फसली

तीर्थरूप आत्याबाईंचे सेवेशी साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पावले. वाचून वाईट वाटले. कचेरीचे पत्र आणि ओट्यावरची बोलाचाली यांत अंतर असते. श्रीकाराखाली पहिल्याच ओळीत मोडके-पडके लिहिणे अशुभ. प्रथम नमस्कार, मग क्षेम, मग ऋतुमान, मग सुखाच्या दोन गोष्टी, आणि अप्रिय ते शेवटी, जेणेकरून तोवर वाचणाराचे मन प्रसन्न झालेले असते. ही रीत मी काढलेली नाही. शिवाय शेठ पत्र स्वतः वाचत नाहीत. सकाळी ते चहा घेत असता त्यांचा माणूस मोठ्याने वाचतो. चहाच्या घोटाबरोबर तुळई ऐकवणे शोभते काय, हे आपणच सांगावे.

तुळई आजच पडते असेही नाही. सटवाजी मुकादम म्हणतो, त्याच्या बापाच्या वेळेपासून ती अशीच कुरकुरते. आपण कारखाना पाहिलेला नाही. भिवराबाईने लेकीस उगाच भय घालू नये. एक बाई उठली तर सगळ्या उठतील. भर हंगामात चरके थांबले तर माझ्या कायम होण्याचे काय, याचाही विचार व्हावा.

आपला
बन्सीधर

*

(पोस्टकार्ड. वरचा एक कोपरा फाडलेला.)

वालूर
पौष शुद्ध, तीथ बगितली न्हाई

बन्सी, कोनी मेलं न्हाई.

कोपरा फाटका बगून तू हे कार्ड दारातच उभ्यानं वाचलंस, आन पहिली ओळ आधी वाचलीस. आधी चहा मागितला न्हाईस, का आत्याकडं थंडी कशी हाय ते इचारलं न्हाईस. ज्याला काळजी असती त्येला पहिल्या ओळीतच काय ते कळावं लागतंय. आता कळलं का?

आत्या

*

चुडावा
५ इस्फंदार १३४५ फसली

आत्या, ही काय थट्टा झाली.

फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, हे तुम्हांला ठाऊक नाही काय? टपालवाला फाटकाच्या आतसुद्धा आला नाही. लांबूनच कार्ड पुढे केलं आणि मान खाली घालून उभा राहिला. वालूरचा शिक्का बघून मी तुमच्याच नावानं हंबरडा फोडला. सटवाजीनं धावत येऊन घागरभर गार पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. चरके थांबले, बाया गोळा झाल्या. पहिली ओळ वाचली तेव्हा मी नखशिखांत भिजून सगळ्यांच्या मध्ये उभा होतो. वाचून दाखवा म्हणाले, म्हणून वाचून दाखवली. सगळ्यांत जास्त कडूबाई हसली. अजून मी कचेरीतून निघालो की कोणीतरी बाई विचारते, आत्या बऱ्या हायत का.

असो. आपण वडील आहात. आपली आज्ञा म्हणून शेठना नवे पत्र लिहिले आहे. चार पाने नाहीत. नमस्कारानंतर थेट विषयास हात घातला आहे. तो येणेप्रमाणे:

"तुळईविषयी चिंता करण्याचे फारसे कारण नाही असे सटवाजी मुकादम यांचे मत असले तरी, व मजसारख्या अल्पबुद्धीस त्यातले काही कळत नसले तरी, काही मंडळींचे म्हणणे असे पडते की, हंगामास बाध न येता योग्य काळी तिजकडे पाहिल्यास कदाचित् बरे होईल, अर्थात् आपली मर्जी."

तुळई पहिल्या ओळीत आहे. आता तरी समाधान व्हावे.

बन्सीधर

*

वालूर
पौषाची पुनव झाली, त्याच्या मागून

बन्सी,

तुळई पहिल्या ओळीत आली, खरंय. पर तिच्यावर येवढ्या गोधड्या टाकल्यास का ती तडकली हाय, येवढं सांगायचंच ऱ्हाऊन गेलं. पुन्हा वाच. "तडकली" हा शब्द हाय का कुठं? मांजरीच्या खाली व्हती तवा निदान तडकलेली तरी व्हती.

मी आजपरेंत समजत व्हते का पोराच्या डोक्यात गुता झालाय. वाटलं, एक टोक धरून सोडवून द्यावं. माजंच चुकलं. गुता कुठं हाय? तुला रांग लय चांगली लावता येती. सगळ्यात वर तुजं कायम व्हनं. मग शेठचा चहा, मग सटवाजीची मर्जी, मग मांजर, आन सगळ्यात खाली बाया. उद्या तुळई पडली तर तू मननार, मी तर कळवलं व्हतं, बगा चौथं पान. न्हाई पडली तर शेठ रागावनार न्हाई, कामून का त्येला कळलंच न्हाई. दोन्ही अंगानं कोरडा. उभ्या जन्मात एकदाच भिजलास, ते बी माज्या कार्डानं.

येवढी अक्कल जर धड कामाला लावली असतीस तर शेठ झाला असतास.

भिवराबाई रोज दिवा लावायच्या टायमाला येती. उंबऱ्यातूनच इचारती, आलं का उत्तर? मी तोंड फिरवते. तिनं लेकीला निरोप धाडला व्हता, काम सोड मनून. कडूनं उलटा निरोप धाडला का, सटवाजी मनतोय, आज उठली तिला पुन्हा चरक्यावर बसू देनार न्हाई. आन ती मनली मने, खरंच काही भेव असतं तर बन्सीभाऊ बोलले असते की. आपल्याच गावचे हायत.

हे वाचून तुला कसं वाटतंय ते मला कळवू नको. चार पानं व्हतील.

आता शेवटचं सांगते, मग सांगनार न्हाई. कागद घे. काय झालंय ते लिव्ह. त्याच्या खाली कोन बसतंय ते लिव्ह, नावानिशी, मजूरवर्ग मनू नको. मग तू काय करनार ते लिव्ह. "विचार व्हावा" ह्याच्यात कोनीच काही करत न्हाई. शेठ विचार करनार, तू वाट बगनार, आन तुळईनं बी तोवर वाट बगायची व्हय? तू काय करनार आन कवा. झालं. दस्तखत कर आन हात उचल. शाई उरली तर उरू दे.

आन एवढ्यानं बी जमत नसंल तर कचेरीतली चटई उचल, त्या तुळईखाली टाक, आन तिथं बसून लिव्ह. बग मायना किती सुचतोय ते.

आत्या

*

चुडावा
१३ इस्फंदार

आत्या,

काल चरक्याचं शेड बंद केलं. शेठला पत्र धाडलं. ते असं:

"माळ्याखालची तुळई मधोमध तडकली आहे. तिच्याखाली कडूबाई, बायनाबाई, मनकर्णा आणि इतर बाया काम करतात. सगळ्यांची नावे मागे लिहिली आहेत. आजपासून शेड बंद ठेवले आहे व माळ्यावरचा कापूस उतरवतो आहे. चालू ठेवायचे असल्यास तसे आपल्या हाताने लिहून पाठवावे. बन्सीधर."

तुमी सांगितल्यावरून चटई टाकून बसलो व्हतो. रागानंच बसलो, तुमाला खोटं पाडावं मनून. कागदावर लाल भुकटी पडायली. फुकली का पुन्हा पडायली. बायांच्या डोक्यावर पांढरी धूळ असती, तिच्यात ही लाल धूळ मी रोज बगत व्हतो. मायना काही सुचला न्हाई.

सटवाजी लय बोलला. शेठचं उत्तर न्हाई.

बन्सी

*

चुडावा
४ फरवर्दी १३४५ फसली

गंगाभागीरथी आत्याबाईंचे चरणी बालक बन्सीधर याचा कृतानेक साष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने सर्व मंगल झाले आहे.

माझे पत्र पावताच शेठनी लोखंडी गर्डर रेल्वेने धाडला. शेड चालवा असे आपल्या हाताने लिहिण्यास ते धजले नाहीत. माळ्यावरचा कापूस उतरून झाला, तुळईस दोर बांधले, आणि ओढण्याआधीच ती आपल्या भारानेच दोन तुकडे होऊन खाली आली. आतून पार पोकळ, बोट घातले तर भुसा. खाली कोणी नव्हते. बाया बघण्यास जमल्या. कडूबाईने काही विचारले, तिला योग्य ते उत्तर दिले. आता गर्डर बसून चरके सुरू झाले आहेत.

आणि शेठचे पत्र! आत्या, तीन पाने, त्यांच्या खास माणसाच्या अक्षरात. माझ्या प्रामाणिकपणाची तुलना त्यांनी सोन्याशी केली आहे. माझ्या वडिलांची, गावाची, आपल्या घराण्याची चौकशी आहे. शेवटी तर माझ्या तब्येतीची काळजी केली आहे. तो मजकूर उतरून देतो: "आपणासारख्या तत्पर गृहस्थास या धुळीत अडकवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सबब महिनाअखेर किल्ल्या सटवाजीचे स्वाधीन करून आपण स्वग्रामी सुखाने असावे. पुढील आज्ञेची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही."

यावरून मला विश्रांतीसाठी सुटी देऊन पुढे हैदराबादेस बोलावण्याचा त्यांचा मनसुबा दिसतो. स्पष्ट लिहिण्याचा हा प्रताप. आपण म्हणत होता तेच खरे. सर्वांस सांगावे.

आपला बालक
बन्सीधर

*

वालूर
माघ वद्य

बन्सी, तुला काढून टाकलंय.

शेठचा कागद पुन्हा वाच. वाट पाहू नये, मंजे बोलावनार न्हाई. किल्ल्या सटवाजीला, मंजे तुजी जागा सटवाजीच्या मानसाला. सोनं मनून तीन पानं तुला घासलं आन शेवटच्या तीन ओळीत उकिरड्यावर टाकलं. येवढा मोठा शेठ, हैदराबादेत राहतोय, पर एका कारकुनाला "जा" मनायची बी छाती झाली न्हाई त्याची. तुळई पडंल मनून तू भेत व्हतास, त्येनं तर नुसत्या कागदाचंच भेव घेतलं. तुला ते ओळखू आलं न्हाई ह्याचं मला नवल वाटतंय. हे असलं लिव्हनं तुजा धंदाच व्हता.

सर्वांस सांगावे मनलास. कोनाला सांगितलं न्हाई.

आता दुसरं. कडूनं काही इचारलं, तिला योग्य ते उत्तर दिलं, असं लिव्हलंस. योग्य ते काय, ते लिव्हलं न्हाईस. कडू परवा माहेरी आलीय, तिच्या तोंडून आईकलं. तुळई खाली पडली, बाया गोल करून उभ्या ऱ्हायल्या, आन तिनं इचारलं, "भाऊ, तुमाला कवापासून ठावं व्हतं?"

तू मनलास, "दिवाळीपासून."

खरं बोललास. पळवाट काढली न्हाईस, येवढं मी तुज्या पारड्यात घालते. पर पुढचं ऐक, तुला ठावं असंल तरी ऐक. भिवराबाईला वाटायचं, कडूचं लेकरू सासूपाशी घरी असतंय. सासू आंधळी झालीय, ती काय सांभाळती. कडू लेकराला कामावर घिऊन येत व्हती. दिवाळीपासून त्याची झोळी त्याच तुळईला बांधलेली व्हती. रडलं का ती पायानं झोका द्यायची, आन वर लाकूड कुरकुरायचं.

तू रोज तिथून येत-जात व्हतास. चटई टाकून बसलास तवा बी ती झोळी तुज्या डोक्याशी असंल. चार पानाचं बाड, दुसरं पत्र, तिसरं पत्र, सगळं मी काल पुन्हा काढून बगितलं. बारसं हाय, मांजर हाय, मांजरीची पिल्लं हायत. झोळी कोनत्याच पानावर न्हाई. चौथ्या बी न्हाई.

मी हे भिवराबाईला वाचून दाखवलं न्हाई. तिला कडूनंच सांगितलं. ती आता दिवा लावायच्या टायमाला येत न्हाई.

नोकरी गेली त्येचं मला काडीचं वाईट वाटत न्हाई. घरी ये. शेत हाय, भाकर हाय, आन मला उठता-बसता बोलायला कोनीतरी लागतंय. सेलूच्या टेशनावर गाडी धाडते. गाडी भिवराबाईच्या दारावरूनच येती, दुसरी वाट न्हाई. कडू महिनाभर हितंच हाय, लेकरू काखेत घिऊन सकाळी दारात असती.

तिला काय बोलायचं ते मी सांगनार न्हाई. गाडीत बसून तुजं तू ठरव. येवढंच ध्यानात ठेव, ती शेळ्या सोडायच्या घाईत असती. उभी ऱ्हाऊन लय ऐकत न्हाई.

आत्या